छातीला पदक, हाताला रिकामा हप्ता : होमगार्डच्या ‘निष्काम सेवे’चा हिशेब

होमगार्डचे पदक तुमच्यापैकी किती जणांनी पाहिले आहे?

हा प्रश्न आम्ही पांढरकवड्यातल्या आमच्या अभ्यासवर्गात विचारला. तीसेक पोरं होती. त्यातली चार होमगार्डच्या पथकात आहेत. एकानेही पदक पाहिले नव्हते. असे पदक असते हेच दोघांना ठाऊक नव्हते. मागे भिंतीला टेकून एक काका बसले होते. त्यांनी उमेदीची वर्षे खाकीत, रस्त्यावर काठी धरून काढली. ते हसले आणि म्हणाले, “पदक कायचं घेऊन बसले बाप्पा, आमचा दोन महिन्याचा भत्ता अटकला तवा कोणी पुसलं नाही.”

वर्गात हशा झाला. पण मित्रांनो, आमच्या डोक्यातून ते वाक्य गेले नाही. हा लेख त्या वाक्यावरच आहे.

पदकाची गोष्ट आधी सांगून टाकू. ‘राष्ट्रपतींचे होमगार्ड व नागरी संरक्षण पदक’ आणि ‘होमगार्ड व नागरी संरक्षण पदक’ अशी दोन पदके १९७० च्या दशकापासून दिली जात होती. २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला यादी निघायची. देशभर लाखोंच्या संख्येने असलेल्या होमगार्ड आणि नागरी संरक्षण दलातून त्या यादीत काही डझन नावे असायची. २०२४ च्या प्रजासत्ताकदिनी केंद्रीय गृह मंत्रालयाने पोलीस, अग्निशमन, होमगार्ड व नागरी संरक्षण आणि कारागृह सेवा यांची मिळून सोळा पदके एकत्र केली आणि त्यांची चार केली. होमगार्डला पदक मिळणे बंद झाले असे नाही. पण पदकावर ‘होमगार्ड’ हा शब्द होता, तो गेला. म्हणजे आता ते पदक इतिहासजमा झाले. उद्या ते नाणी-पदके जमवणाऱ्यांच्या बाजारात दिसेल, ‘दुर्मिळ’ म्हणून त्याला भाव येईल. ज्याच्या छातीवर ते लागायला हवे होते, त्याला मात्र कधी भाव आला नाही.

आमचा मुद्दा पदक परत आणा असा नाही. ज्याला राज्यकर्त्यांना दाम द्यायचा नसतो त्याला ते मान देतात. आणि मानसुद्धा शंभरात एकाला, उरलेल्या नव्व्याण्णवांनी त्या एकाकडे पाहत राबावे म्हणून. हा डाव जुना आहे. आमच्या बापजाद्यांवर तो खेळला गेला आहे. आज आमच्या पोरांवर खेळला जातो आहे. म्हणून इतिहासापासून सुरुवात करू.

कोरेगावचे पदक कोणाला मिळाले?

१ जानेवारी १८१८. भीमा कोरेगावची लढाई आपल्याला पाठ आहे. तिथल्या विजयस्तंभावर शहीद महार सैनिकांची नावे कोरलेली आहेत, तीही आपण वाचतो. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब तिथे गेले, तेव्हापासून तो स्तंभ आपला झाला. पण त्या लढाईचे पदक होते, हे किती जणांना माहीत आहे?

‘आर्मी ऑफ इंडिया मेडल’ हे चांदीचे पदक. एका बाजूला राणी व्हिक्टोरिया. ज्या लढाईत भाग घेतला तिच्या नावाची पट्टी वर अडकवलेली. अशा एकवीस पट्ट्या होत्या. त्यातल्या काही आपल्या विदर्भातल्या लढायांच्या: अडगाव, गाविलगड, सीताबर्डी, नागपूर. आणि एक पट्टी ‘कोरेगाव’ची. ती आज त्या पदकाच्या सर्वात दुर्मिळ पट्ट्यांपैकी एक मानली जाते.

ती दुर्मिळ का? कारण ते पदक मंजूर झाले १८५१ साली. लढाईनंतर तब्बल तेहेतीस वर्षांनी! आणि ते फक्त हयात असलेल्यांसाठी होते. जो मेला त्याला नाही, त्याच्या विधवेला नाही, त्याच्या पोराला नाही. म्हणजे ज्यांची नावे स्तंभावर आहेत त्यांच्यापैकी एकाच्याही छातीवर ते पदक लागले नाही. तेहेतीस वर्षांत जे म्हातारपणाने, रोगराईने, उपासाने गेले त्यांनाही नाही. तेव्हा ‘दुर्मिळ’ या शब्दाला भुलू नका. संग्राहकाच्या तोंडी दुर्मिळ म्हणजे किमती. आमच्या दृष्टीने दुर्मिळ म्हणजे द्यायला उशीर केला म्हणून उरले नाही.

आणि आमच्या पांढरकवड्याचे काय? एप्रिल १८१८ मध्ये पळत सुटलेल्या दुसऱ्या बाजीरावाला इंग्रजांच्या कर्नल अ‍ॅडम्सच्या फौजेने याच परिसरात गाठून झोडपले. पेशवाईच्या शेवटच्या पराभवांपैकी एक आपल्या मातीत झाला. त्या पदकाच्या एकवीस पट्ट्यांत पांढरकवड्याची पट्टी नाही. कोणती लढाई ‘लढाई’ आणि कोणती नुसती चकमक, हे लढणारा ठरवत नाही. पदक पाडणारा ठरवतो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

नागरिकांचे सैन्य, पण नागरिक कोण?

आता होमगार्डच्या आजोबाकडे येऊ. इंग्रजांच्या काळात ‘व्हॉलंटियर’ पलटणी होत्या. त्यात पगारी शिपाई नव्हते. नोकरी-धंदा सांभाळून कवायत करणारे नागरिक होते. मुंबईत होत्या, रेल्वे कंपन्यांच्या होत्या, नागपुरात ‘नागपूर व्हॉलंटियर रायफल्स’ होती. वीस वर्षे सेवा केलेल्या व्हॉलंटियरला दीर्घ सेवेचे पदक मिळे. हिंदुस्थान आणि वसाहतींसाठी त्याचा वेगळा प्रकार १८९६ साली काढला गेला. हिरव्या फितीचे ते पदकही आज संग्राहक शोधत फिरतात.

ते कोणाला मिळे? गोऱ्यांना आणि अँग्लो-इंडियनांना. देशी माणसाला व्हॉलंटियर पलटणीचे दार जवळजवळ बंद होते. बंदूक धरणारा ‘नागरिक’ म्हणजे गोरा, बाकीचे प्रजा. म्हणून काँग्रेसच्या १८८६ च्या अधिवेशनात, आम्हालाही व्हॉलंटियर होऊ द्या, अशी मागणी झाली. शिकलेल्या उच्चवर्णीय पुढाऱ्यांना ते दार बंद असल्याचे दुःख होते.

ठीक आहे. पण त्याच सुमारास आणखी एक दार बंद होत होते, त्याचे दुःख या पुढाऱ्यांपैकी किती जणांना झाले? कंपनीच्या काळापासून मुंबई सैन्यात लढलेल्या महारांची भरती १८९० च्या दशकात थांबवली गेली. ‘लढवय्या जाती’ नावाचे नवे थोतांड निघाले आणि कोरेगाव लढलेला समाज एका रात्रीत ‘लढवय्या’ राहिला नाही. १८९४ मध्ये गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज केला. ते स्वतः निवृत्त सैनिक होते. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळ्यांनी पुन्हा अर्ज केला. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा महारांची पलटण उभी केली, युद्ध संपल्यावर मोडली. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ साली, बाबासाहेबांच्या प्रयत्नांनी महार रेजिमेंट उभी राहिली, ती आजतागायत आहे.

यातून आम्ही काय शिकायचे? गरज पडली की बोलवा, गरज सरली की घरी पाठवा. ही पद्धत नीट ओळखून ठेवा. कारण आजच्या होमगार्डचे सगळे नियम याच पद्धतीवर बेतलेले आहेत.

६ डिसेंबरचा होमगार्ड

६ डिसेंबर म्हटले की आपल्याला फक्त एक गोष्ट आठवते. पण देशभरातले होमगार्ड ६ डिसेंबरला आपला स्थापना दिन पाळतात. ६ डिसेंबर १९४६ ला मुंबई प्रांतात होमगार्डची सुरुवात झाली. दंगली चालू होत्या, पोलीस कमी पडत होते. मोरारजी देसाई गृहमंत्री होते. १९४७ साली कायदा झाला. पुढे १९६२ च्या चीन युद्धानंतर केंद्राने सगळ्या राज्यांना एकसारखी होमगार्ड संघटना उभारायला सांगितले.

दहा वर्षांनी, ६ डिसेंबर १९५६ ला, बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. आता डोळ्यांपुढे आणा: ६ डिसेंबरची चैत्यभूमी. लाखोंची रांग. त्या रांगेच्या बाजूने खाकीतली पोरे उभी. त्यातली कितीतरी पोरे रांगेतल्या माणसांचीच आहेत. ती त्या दिवशी बाबासाहेबांना वंदन करू शकत नाहीत, कारण ती कामावर आहेत. दीक्षाभूमीवर अशोक विजयादशमीला तेच. आमच्या इथे केळापूरच्या जगदंबेच्या नवरात्राला, गणपतीला, निवडणुकीला, परीक्षेच्या केंद्रावर, चौकाचौकांत तेच. पांढरकवड्यात कवायतीच्या दिवशी मैदानावर जाऊन उभे राहा. ही पोरे कोणत्या वस्तीतून येतात, कोणत्या पोडावरून आणि कोणत्या बेड्यावरून येतात, ते तुमच्या डोळ्यांनी पाहा. कापसाच्या शेतात मजुरी, बाकी दिवस बंदोबस्त. सावकाराच्या, कारखानदाराच्या, आमदाराच्या घरातले पोर तिथे दिसले तर आम्हाला कळवा.

या संघटनेचे ब्रीदवाक्य काय आहे? ‘निष्काम सेवा’.

मित्रांनो, हा शब्द आला कुठून? फळाची अपेक्षा न धरता कर्म कर. कोणी सांगितले, कोणाला सांगितले, आणि कोणाच्या फायद्याचे? बाबासाहेबांनी गीतेची चिकित्सा करताना, ती चातुर्वर्ण्याला तत्त्वज्ञानाचा टेकू देते, हे उघड करून दाखवले. सेवा ही शूद्राची, आणि तीही मोबदला न मागता. हे वाक्य पुजाऱ्याच्या दक्षिणेला कधी लागू झाले नाही. मंत्र्याच्या पगाराला लागू झाले नाही. आयएएस अधिकाऱ्याच्या महागाई भत्त्याला लागू झाले नाही. लागू झाले ते रात्रभर चौकात उभ्या राहणाऱ्या होमगार्डला!

आणि त्याच्या पैशाला नाव काय? पगार नाही, वेतन नाही. ‘मानधन’. आधी मान, मग धन. मान तोंडी, धन उशिरा.

वतनाचा नवा अवतार

ज्यांना महार वतनाचा इतिहास माहीत आहे त्यांना यात नवीन काही वाटणार नाही. वतन म्हणजे काय होते? गावाची राखण करा, सरकारी टपाल पोचवा, साहेबाच्या घोड्यापुढे पळा, मेलेले ढोर ओढा, दिवसरात्र हाकेला ओ द्या. त्या बदल्यात तुकडाभर इनाम जमीन आणि दारोदार मागून आणायचे बलुते. पण नाव केवढे मोठे! ‘वतनदार’! राबणूक गुलामाची आणि किताब वतनदाराचा. कितीतरी माणसे त्या किताबापायी वतन सोडायला तयार नव्हती.

बाबासाहेबांनी नेमके तिथेच बोट ठेवले. १९२८ साली त्यांनी मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले. म्हणणे साधे होते: सरकारचे काम करून घेता, तर मोबदला सरकारने द्यावा, लोकांच्या दारात भीक मागायला लावू नये. १९३९ मध्ये हरेगावच्या परिषदेतही वतनाचाच प्रश्न होता. हाच माणूस पुढे मजूरमंत्री झाला आणि कामाचे तास, किमान वेतन, विमा यांचा पाया त्याने घातला. बाबासाहेबांची अख्खी लढाई एका वाक्यात सांगायची तर अशी: श्रम हे उपकार नाहीत, श्रमाचा हक्काचा दाम असतो.

मग होमगार्डला ‘स्वयंसेवक’ म्हणणे आणि महाराला ‘वतनदार’ म्हणणे यात फरक काय?

संविधान काय म्हणते?

संविधानाच्या कलम २३ ने वेठबिगारीला बंदी केली. १९८२ साली दिल्लीच्या आशियाई स्पर्धांच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणे हीसुद्धा कलम २३ मधली सक्तीची मजुरीच. पोटाची भूक हीसुद्धा सक्तीच आहे.

११ मार्च २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने होमगार्डच्याच खटल्यात निकाल दिला. हिमाचल प्रदेश, पंजाब, दिल्ली इथले होमगार्ड न्यायालयात गेले होते. न्यायालयाने त्यांना कायम करण्याचा आदेश दिला नाही. पण एवढे स्पष्ट सांगितले की, रोजचा भत्ता असा असला पाहिजे की तीस दिवसांचा हिशेब केला तर तो पोलिसाच्या किमान वेतनाइतका भरेल.

महाराष्ट्रात भत्ता ५७० रुपयांवरून १०८३ रुपये होईपर्यंत २०२४ चा ऑक्टोबर उजाडला. निकालानंतर नऊ वर्षांनी, आणि विधानसभा निवडणूक दारात उभी असताना! कोरेगावच्या पदकाला तेहेतीस वर्षे लागली होती. तेव्हा प्रगती आहे, असे म्हणायचे काय?

तीन आक्षेप

पहिला आक्षेप येईल: “भत्ता तर वाढला, आता रड कशाची?” वाढला हे चांगलेच झाले, आम्ही नाकारत नाही. पण १०८३ रुपये ज्या दिवशी बोलावले त्या दिवसाचे. वर्षात किती दिवस बोलावणार, याची हमी नाही. न्यायालयाने हिशेब तीस दिवसांचा धरला, पण तीस दिवस काम द्या, असे बंधन नाही. ज्या महिन्यात बंदोबस्त नाही त्या महिन्यात चूल पेटवायची कशावर? निवृत्तिवेतन नाही. दर तीन वर्षांनी पुनर्नोंदणीची तलवार डोक्यावर. अधिकाऱ्याची मर्जी गेली तर? म्हणून पोरे तक्रार करत नाहीत. त्यांच्या गप्प बसण्याला समाधान समजू नका.

दुसरा आक्षेप: “त्यांना पोलीस भरतीत पाच टक्के समांतर आरक्षण आहे, म्हणून तर जातात.” बरोबर. त्या आशेवरच जातात. पण भरतीच्या जागा किती, अर्ज किती, वयाची मर्यादा किती, हे जरा पाहा. जो भरती झाला त्याचे अभिनंदन. जो पस्तिशी ओलांडून पथकातच राहिला, त्याच्या आयुष्याचा हिशेब कोण देणार? एकाला पदक दाखवून शंभरांना राबवणे आणि एकाला भरती दाखवून शंभरांना राबवणे, दोन्हींची जात एकच.

तिसरा आक्षेप आमच्याच माणसांचा आहे आणि तो आम्हाला सर्वात महत्त्वाचा वाटतो. “आपण कोरेगावचा अभिमान बाळगतो, रामजी सुभेदारांच्या लष्करी सेवेचा अभिमान बाळगतो, महार रेजिमेंटचा अभिमान बाळगतो. मग वर्दीची आणि पदकाची टवाळी का?”

टवाळी नाही. उलट आहे. वलंगकरांनी अर्ज केला तो पदकासाठी नव्हे, सैन्यातल्या नोकरीसाठी. रामजी सुभेदारांच्या घरात पुस्तके आली ती पगार आणि पेन्शनमुळे, आणि सैन्यात सक्तीने मिळालेल्या शिक्षणामुळे. वर्दीने आमच्या समाजाला उभे केले कारण वर्दीसोबत पगार होता, शाळा होती, हक्क होता. पगाराशिवायची वर्दी ही गावच्या महाराच्या काठीसारखीच असते: हातात अधिकाराची खूण, पोटात काही नाही. कोरेगावच्या स्तंभाला आम्ही वंदन करतो ते तिथल्या माणसांना. ब्रिटिशांच्या पदकाला नव्हे.

२६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यात शहीद झालेल्यांच्या यादीत एक होमगार्ड आहे, मुकेश जाधव. करकरे, ओंबळे ही नावे आपल्याला पाठ आहेत, असायलाच हवीत. मुकेश जाधव हे नाव किती जणांनी ऐकले होते? गोळीने पोलीस आणि होमगार्ड असा भेद केला नाही. भेद तिच्या आधी होता आणि तिच्यानंतरही राहिला.

आता आपण काय करायचे?

आधी स्वतःला दोष देऊ. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत बंदोबस्ताला उभ्या असलेल्या होमगार्डला आपण पाणी तरी विचारतो काय? डीजेसाठी वर्गणी काढतो, पण वस्तीतल्या चार होमगार्डांचा थकलेला भत्ता हा आपल्या मंडळाच्या बैठकीत कधी विषय झाला काय? आमच्या मंडळात झाला नव्हता. आम्ही कबूल करतो. बाबासाहेबांनी समता सैनिक दल उभे केले. तेही नागरिकांचेच दल होते, पगार नव्हता, पदक नव्हते. पण ते आपल्या माणसांसाठी होते, आपल्या निर्णयाने होते. स्वेच्छेने दिलेला वेळ आणि गरिबीने काढून घेतलेला वेळ, यातला फरक ज्याला कळत नाही त्याला समता सैनिक दलही कळले नाही.

म्हणून आम्ही पांढरकवड्यात ठरवले आहे, आणि प्रत्येक तालुक्यातल्या कार्यकर्त्यांनी हे करावे अशी विनंती आहे. माहिती अधिकारात पाच प्रश्न विचारा. तालुका पथकात आज सदस्य किती? गेल्या तीन वर्षांत प्रत्येक महिन्यात किती जणांना किती दिवस काम दिले? किती रकमेचा भत्ता किती दिवस थकला? पुनर्नोंदणी किती जणांची नाकारली आणि कारण काय दिले? आणि गेल्या दहा वर्षांत जिल्ह्यातून पदकासाठी शिफारशी किती गेल्या, त्यात अधिकारी किती आणि साधे होमगार्ड किती?

अर्ज होमगार्डने स्वतः करू नये, त्याची पुनर्नोंदणी धोक्यात येईल. अर्ज आपण करायचा. त्याच्यासाठी एवढे तरी आपण करू शकतो. उत्तरे आली की पाच जणांनी बसून तक्ता करायचा, आणि तो तक्ता घेऊन आमदारापुढे जायचे. निवेदनात विशेषणे नकोत, आकडे हवेत. बाबासाहेब कायदेमंडळात आकडे घेऊन उभे राहत, हे विसरू नका.

मागण्या तीनच. वर्षभर कामाची हमी. भत्ता दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला. आणि वय झाल्यावर घरी पाठवताना हातात काहीतरी, नुसते प्रमाणपत्र नको.

पदक पुन्हा सुरू करा, अशी मागणी यात नाही. त्या संध्याकाळी वर्ग संपल्यावर ते काका जाताना म्हणाले, “ते अर्जाचं लवकर करा, पोरांची पुनर्नोंदणी जवळ आली.”

पहिला अर्ज आम्ही लिहून ठेवला आहे. तुमच्या तालुक्याचा कधी लिहिता?

जय भीम!